डाव्या हाताचा दगड

शालिक, तुझ्या घराचं दार आता वाऱ्यानं आपटतं. तेरवीच्या दिवशी मी ओसरीवर बसलो होतो तेवढ्यात तीनदा आपटलं. वहिनी उठल्या, विटेचा अर्धा तुकडा आणून लावला. तो थोडा वेळ टिकला आणि सरकला. त्या पुन्हा उठल्या. इतकी वर्षं त्या दाराला जो दगड लावलेला असायचा तो कुठे गेला, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. तो दगड मुळात तिथे का आला, हे आता फक्त मला माहीत आहे असं मी त्या दिवशी समजत होतो.

तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले. "काकाजी, बाबाबद्दल दोन शब्द लिहा, तुम्हाले जमते," असं प्रवीण, तुझा मुलगा, पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. जमतं खरं. उभा जन्म मी वर्ध्याच्या कॉलेजात भूगोल शिकवला, नद्यांवर लिहिलं, दगडांवर लिहिलं. एक वाक्य तेवढं लिहायचं राहिलं. ते आधीच लिहून टाकतो, नाहीतर याही वेळी मी त्याच्याभोवती फिरून घरी जाईन. तुझ्या विहिरीतली दगडी हातकुऱ्हाड तू उपटली नव्हतीस. मी उपटली होती.

आता बाकीचं सांगता येईल.

पवनारच्या शाळेत आपण एका पट्टीवर बसायचो. तू माझ्या उजवीकडे, आणि तू डावखुरा. तुझं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि दोघांचीही अक्षरं बिघडायची. मार मात्र तुला बसायचा. गुरुजी तुझ्या डाव्या मुठीवर फूटपट्टी मारत आणि पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात देत. गुरुजींची पाठ वळली की ती पुन्हा डावीकडे जायची. सातवीनंतर तू शेतात गेलास, मी वर्ध्याला. पुढे बोरगावला घर बांधलं आणि माझ्या तोंडातलं मले-तुले कधी गेलं ते मलाही कळलं नाही. "मास्तर आता पुस्तकावानी बोलते," असं तू चारचौघांत सांगायचास.

कॉलेजच्या कपाटातली एक हातकुऱ्हाड मी तुला दाखवायला आणली, तो दिवस आठवतो. लाखो वर्षांपूर्वीच्या माणसानं दगडानं दगड फोडून दोन्ही बाजूंनी घडवलेली, तळव्याएवढी, एका टोकाला निमुळती. मला वाटलं होतं तू चकित होशील. तू ती उलटीसुलटी केलीस आणि म्हणालास, "असे तं आमच्या नाल्यात लय पडले हायेत. म्हशी हाकलाले काय घेतो मंग आम्ही?" पुढच्या रविवारी तू माझ्या व्हरांड्यात एक पोतं रिकामं केलंस. त्यातले बहुतेक सगळे नदीनं घासलेले साधे गोटे होते. तुझा चेहरा पडला. मग मी तुला शिकवलं. घाव कुठे बसला ते कसं ओळखायचं, कपची कशी निघते, पाण्यानं फुटलेला आणि माणसानं फोडलेला यांत फरक काय. सहा महिन्यांत तू माझ्या पुढे गेलास. मी दगड डोळ्यांनी बघायचो, तू बोटांनी. तू त्यांची वाटणीही स्वतःच्या पद्धतीनं केलीस. हा शहाण्या हाताचा, हा शिकाऊ हाताचा, आणि हा, तू हसून म्हणायचास, आळशाचा. अर्ध्यात सोडून झोपला लेकाचा.

रविवार म्हणजे धाम नदीचा काठ, असं ठरूनच गेलं. किती भांडलो आपण त्या रेतीत बसून. माझं म्हणणं, ज्यांनी ही हत्यारं केली ते अजून आपण नव्हते. सरळ चालत होते, विस्तवाशीही त्यांची ओळख झाली असावी, पण मेंदू आपल्यापेक्षा लहान, आणि आपल्यासारखं बोलत असतील याला पुरावा नाही. बोलण्यावरून तू चिडायचास. न बोलता एकजण दुसऱ्याला हे शिकवेल कसा, असं विचारायचास. मी म्हणायचो, बघून बघून. त्यावर तू सांगितलंस की प्रवीणला डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, शिकवताना तो बघत होता ते थोडं आणि तू शिव्या देत होतास त्या जास्त, तेव्हा कुठे शिकला. पहिला शब्द शिवीच असणार, हे तुझं ठाम मत होतं. मी ते खोडून काढू शकलो नाही. अजूनही शकणार नाही.

एकदा मी शाळेतला तो तक्ता आणला होता. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एकामागे एक चाललेली आकृत्यांची रांग. तू बराच वेळ बघितलास आणि म्हणालास, "सारे एका लायनीत चालून राह्यले, पन कोनी कोनाशी बोलून नाई राह्यला." मग मी तुला सांगितलं की ती रांग मुळात खोटी आहे. ते झाड आहे, फांद्याफांद्यांचं. एकाच काळात माणसांच्या कितीतरी जाती पृथ्वीवर वावरत होत्या. कुणी थंडीत, कुणी बेटांवर, कुणी कदाचित याच नदीच्या काठी. एकेक फांदी वाळत गेली. शेवटी आपलीच तेवढी हिरवी राहिली.

"मंजे भावकीतले सारे गेले, आपनच उरलो?"

मी हो म्हणालो. तू वाळूत रेघा ओढत राहिलास.

"मंग लय एकटं वाटत असन ना."

कुणाला, असं मी विचारलं. तू म्हणालास, "मानसाले." मी हसलो होतो तेव्हा. आता बोरगावच्या घरात मी एकटा असतो. मुलं फोन करतात. तुझं ते वाक्य मी बऱ्याचदा ऐकतो.

तुला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र वेगळी होती. दगड जागेवरून हलला की तो नुसता दगड. कुठल्या थरात होता, किती खोल, कसा पडला होता, यावरूनच त्याचं वय आणि त्याच्या माणसाची हकीकत कळते. जागा हाच पुरावा. मी हे वर्गात दरवर्षी सांगायचो आणि पोरं वहीत उतरवून घ्यायची. खरं मानलं ते तू. त्यानंतर तू दगड उचलणं बंद केलंस. नाल्यात काही दिसलं की त्याच्याभोवती चुन्यानं गोल काढायचास आणि मला बोलवायला यायचास.

मे महिना होता. नदीपासून दोन धुरे, म्हणजे शेताचे दोन बांध, अलीकडे तू शेतात विहीर खोदत होतास. काळी माती संपली, पिवळी संपली, मग चुनखडीनं जखडलेला गोट्यांचा थर लागला, सिमेंटसारखा कडक. अकरा हात खोलीवर पूर्वेच्या भिंतीत तुला ती दिसली. एक बाजू उघडी, दुसरी थरात रुतलेली. तू हात लावला नाहीस. काम थांबवलंस, माणसांना घरी पाठवलंस आणि सायकल हाणत कॉलेजात आलास. मी पेपर तपासत होतो. आज जमणार नाही म्हणालो. दूरच्या एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांना मात्र त्याच दुपारी फोन केला. ते या विषयातले मानलेले होते. आठवड्यानं येतो म्हणाले. मी स्वतः तिसऱ्या दिवशी आलो. ते तीन दिवस तू त्या विहिरीच्या काठावर बसून काढलेस, वरून ढेकूळ पडू नये म्हणून भिंतीवर ओलं पोतं सोडून.

आपण दोघं दोराला धरून उतरलो. तू पोतं बाजूला केलंस. काळ्या पहाडाच्या दगडाची, वर तपकिरी साय धरलेली, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची. इतकी देखणी हातकुऱ्हाड मी कपाटांतही कमीच पाहिली होती. आणि मला तिची मागची बाजू बघायची होती. एवढंच. दोन्ही बाजूंनी घडवलेली असली तरच ती खरी. एका बाजूवरून छातीठोक सांगता येत नाही. प्राध्यापक आल्यावर ते काढतील आणि ती बाजू पहिल्यांदा त्यांना दिसेल, हे मला सहन होईना. कोपऱ्यात सब्बल होती, लोखंडी पहार. मी ती उचलली.

"नको काढू बे. तूच सांगतलं होतं ना? येऊ दे त्याइले."

मी म्हणालो, नुसतं बघतो, परत बसवतो. दोनदा टोचलं. तिसऱ्यांदा सब्बल थरावरून घसरून दगडाच्या कडेवर बसली आणि एक ढलपी उडाली. त्या तपकिरी सायीत बोटाच्या पेराएवढी काळीभोर खाच पडली. दगड माझ्या हातात आला.

तू रागावलास, पण थोडाच वेळ. मग हात पुढे केलास. मी दिला. तू तो आधी उजव्या हातात धरलास, मग डाव्या, आणि तुझा चेहरा बदलला. त्याच्या जाड बाजूला अंगठ्यासाठी एक खोलगट बसकट होती, बोटांसाठी एक उतार. "तू धर," म्हणालास. माझ्या उजव्या हातात तो डुगडुगला. "डावखुरा होता," तू म्हणालास. मी लगेच सरांसारखं बोललो. एका दगडावरून असं काही ठरत नाही, त्यासाठी शेकडो लागतात, हा योगायोग आहे. तू ऐकत नव्हतास. डावी मूठ मिटून तू त्या भिंतीकडे बघत होतास.

"इतक्या वर्षांत एक तं भेटला."

तेव्हाचा तुझा चेहरा मला आज नीट आठवतो, याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही. तुझेच मानतो.

परत बसवायचा प्रयत्न केला, तो बसेना. खोबणीत चुन्याचा भुगा पडला होता. मला भीती वाटायला लागली.

प्राध्यापक आले ते विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली खाटेवर बसले. त्यांनी दगड हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खाचेवर थांबवला. "लोखंड लागलंय. आणि ताजं आहे. कुणी काढलं हे?"

तू गडव्यातून त्यांच्या पेल्यात पाणी ओतत होतास. मी म्हणालो, "विहिरीवरच्या माणसांनी काढलं, सर. मी यायच्या आत."

पेला भरून पाणी खाली सांडायला लागलं तरी तू ओतत होतास. मग गडवा सरळ केलास. "हो जी," तू म्हणालास. "माह्याच हातून निघाला."

ते तरी भिंत बघायला उतरणार होते. सब्बलीचे टोचे अजून तिथे होते, खोबण होती, आणि उतरलो की ते माझ्याकडे बघून प्रश्न विचारतील असं मला वाटलं. मी सांगितलं, भिंत तासून सरळ केली, आता काही उरलेलं नाही. मग काय बघायचं, असं म्हणून ते उठले. वहीत त्यांनी लिहिलं, जागा अनिश्चित. गाडीत बसताना तू चार पावलांवर असताना ते मला म्हणाले, "या लोकांना धीर नसतो." तीन दिवस काठावर बसलेल्या माणसाबद्दल. गाडी गेल्यावर तू मला एवढंच विचारलंस की चहा घेतो का.

मी घेतला, शालिक. तो चहा मी प्यालो.

दोन वर्षांनी धामच्या वरच्या अंगाला संशोधकांची एक तुकडी चाचणी खड्डे घ्यायला आली. त्यांना थर ओळखणारा गावचा माणूस हवा होता. तू इस्त्रीचा सदरा घालून माझ्याकडे आलास. "मायं नाव सांग ना. टोपले उचलू देतीन तरी चालते." मी सांगितलं. तुकडीच्या प्रमुखांकडे जुने कागद होते. त्यांनी ते चाळले आणि म्हणाले, हा तोच ना, ज्यानं सब्बल घातली होती? अशा माणसाला खड्ड्याजवळ येऊ देता येणार नाही. मी तंबूत त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं. तू बाहेर सायकल धरून उभा होतास. मी येऊन सांगितलं की माणसं आधीच भरली. तू "बरं" म्हणालास. त्यानंतर तू पुन्हा कधी रविवारी नदीवर आला नाहीस. मीही एकटा गेलो नाही.

दगड प्राध्यापकांनी माझ्याकडेच सोडला होता. कॉलेजच्या कपाटात ठेवायला माझा हात होईना, म्हणून तुझ्याकडे आणून दिला. तू तो दाराला लावलास. मी तुझ्याकडे येत राहिलो, सणाला, लग्नाला, हुरड्याला. आपण पीकपाण्यावर बोलायचो, गुडघ्यांवर बोलायचो. दर वर्षी एकदा तरी तू म्हणायचास, "विहिरीवर येजो ना." मी काहीतरी कारण सांगायचो. मला तो टोमणा वाटायचा. इतकी वर्षं मी तुझ्या शेतात गेलो नाही, ओसरीवरूनच परतलो.

शेवटी सेवाग्रामच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो तेव्हा मी सुरुवात केली होती. नळी लावलेली, श्वास तुटत होता. मी म्हणालो, "शालिक, त्या विहिरीचं..." तू डोळे उघडलेस. "विहिरीले पानी हाये अजून," तू म्हणालास. "बोर माराचं काम नाई पडलं. एकदा येऊन पाह्य." आणि परत मिटलेस. मला वाटलं, तू विषय बदललास. माझी सुटका केलीस असंही वाटलं, आणि मी ती घेतली.

तू गेलास त्या सकाळी तुला घेऊन निघताना कुणी म्हातारा म्हणाला, घाटावर आता सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवलेत, तिथे साधा दगड मिळत नाही, जीवखडा घरूनच घ्या. ज्या दगडानं मडक्याला छिद्रं पाडायची, दहा दिवस जपायचा आणि दहाव्याला नदीत सोडायचा, तो. प्रवीण दारात उभा होता. त्यानं वाकून पायाजवळचा उचलला.

मी ते बघितलं. घाटावर तुझ्या पुतण्यानं एका टोल्यात मडक्याला भोक पाडलं, त्या निमुळत्या टोकानं, आणि पाण्याची धार लागली. लाखो वर्षांनी त्या दगडाला पुन्हा काम मिळालं होतं. हे तुला सांगितलं असतं तर तू किती हसला असतास.

पुढचे दहा दिवस तो दगड फडक्यात बांधून ओसरीच्या खुंटीला टांगलेला होता, खाली दिवा. मी एकाआड एक दिवस येत होतो. तो नदीत सोडणं थांबवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर सगळंच. मी स्वतःला समजावलं की जागा हरवलेला दगड हा नुसता दगड. प्राध्यापकांच्या वहीत अनिश्चित लिहिलंय, आता त्यानं कुणाचं काही सिद्ध होत नाही. तुला शिकवलेलाच धडा मी पळवाट म्हणून वापरला. आणि एक ठरवलं. दहाव्याला कावळा अडला, आणि तुझं काय राहिलं असेल म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले, की मी उठून बोलायचं.

कावळा अडला नाही. पिंड ठेवून माणसं मागे सरली न सरली तोच आला आणि शिवला. सगळ्यांनी हात जोडले. तुझं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं, आणि त्यासाठी कावळा थांबत नाही.

मग त्या दगडावर पाणी घालायची माझी पाळी आली. तीळ घेतले, ओंजळ भरली. त्याची खाच वर होती. इतक्या वर्षांत तिलाही साय धरायला लागलेली. मी तिच्यावर पाणी घातलं आणि बाजूला झालो. प्रवीण कमरेएवढ्या पाण्यात गेला, पाठमोरा उभा राहिला आणि दगड खांद्यावरून मागे डोहात टाकला. आवाज छोटासाच झाला.

तेरवीचं जेवण झाल्यावर, दार आपटत होतं तेव्हा, प्रवीण मला म्हणाला, "काकाजी, विहिरीवर येता? बाबानं सांगतलं होतं, मास्तरले एकदा न्येजो." या वेळी माझ्याकडे कारण उरलं नव्हतं.

विहीर चांगली बांधलेली आहे, शालिक. घडीव दगड, एकसारखे थर. पूर्वेच्या बाजूला, अकरा हातांवर, एका जागी दगड नाही. तिथे शहाबादी फरशीचा तुकडा उभा बसवलेला, कडेनं चिकणमाती लिंपलेली. वैशाखातलं पाणी त्याच्या बरंच खाली होतं. मी विचारलं, हे काय. प्रवीण म्हणाला, मिस्त्री ते बुजवणार होता, पण तू बुजवू दिलं नाहीस. दर वेळी विहीर उपसली की तू स्वतः उतरून माती नव्यानं लिंपून यायचास. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. का, असं त्यानं विचारलं की तुझं एकच उत्तर. मास्तर पाह्यले येईन.

प्रवीण लोखंडी कड्यांवरून उतरला. माती खरवडली, फरशी काढली, मोबाइलचा उजेड आत टाकला. चुनखडीचा पिवळट पांढरा थर. त्यात तळव्याएवढी, थेंबाच्या आकाराची खोबण, आतली प्रत्येक कपची उमटलेली. शेजारी सब्बलीचे टोचे. प्रवीणनं हात आत घातला आणि वर बघून म्हणाला, "काकाजी, आतून पंजा बसते अथी."

जागा होती. इतकी वर्षं जागा तिथेच होती. दगड तीन दिवसांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत नदीत गेला होता.

मी काठावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो खालीच कडीला धरून ऐकत होता. वर आला, हात पुसले.

"मंग दहाव्याले काऊन नाई बोलले?"

मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, कावळा अडायची वाट बघत होतो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी ते इथे लिहिणार नाही.

वहिनींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या पोळ्या झाकत होत्या. हात थांबले नाहीत. त्यांना विहिरीचं माहीत नव्हतं, पण दगडाचं काहीतरी माहीत होतं. म्हणाल्या, "तुम्ही येनार असले का ते दगड फिरवून ठेवत. खाच भिंतीकडे. मी इचारलं काऊन, तं म्हने मास्तरले दिसू नये."

मी तुझ्या घरी किती वेळा आलो असेन? आणि तू तितक्या वेळा वाकलास.

दोन दिवस प्रवीण माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत तो डोहात उतरत होता, हे मला नंतर कळलं. खाली गाळ आहे आणि दगडच दगड आहेत. गावातल्या सगळ्या गेलेल्यांचे. त्यानं जे वर आणले त्यांतला एकही तुझा नव्हता. ते त्यानं नमस्कार करून परत सोडले. पुढे कधीतरी ही नदी आटेल आणि कुणी तिथे खोदेल. शेकडो साध्या दगडांत त्याला एक हातकुऱ्हाड मिळेल, कडेवर लोखंडाची खाच असलेली, आणि तो डोकं धरून बसेल. यावर आपण एक अख्खा रविवार भांडलो असतो.

तिसऱ्या दिवशी प्रवीण पीओपीची पिशवी घेऊन माझ्या दारात आला. बोरगावच्या नव्या बंगल्यांची छतं तोच करतो, तुला माहीत आहे. मला गाडीवर मागे बसवून विहिरीवर नेलं. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग त्यानं खोबणीला आतून तेलाचं बोट फिरवलं, कडेला मातीचा बांध घातला, पीओपी कालवून भरलं, आणि कड्यांवर उभा राहून ते घट्ट होईपर्यंत तळहातानं दाबून धरलं. मी वरून बघत होतो. त्यानं ते डाव्या हातानं धरलं होतं. तोही डावखुरा आहे हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं.

ते पांढरं अर्धं आता माझ्या टेबलावर आहे. एका बाजूला थरानं जपलेली कुऱ्हाड, घाव न् घाव स्पष्ट. दुसऱ्या बाजूला प्रवीणच्या पंजाचा सपाट ठसा. जी बाजू बघायच्या हावेपोटी मी सब्बल उचलली, ती माझ्याकडे उरली. जी बाजू तू हात न लावता तीन दिवस बघत बसलास, ती धामच्या डोहात आहे.

सपाट बाजूवर मी शाईनं लिहिलं आहे. पवनार, विहिरीची पूर्व भिंत, अकरा हात, चुनखडीत जखडलेल्या गोट्यांचा थर. प्रथम पाहिली आणि जागेवर राखली, शालिक. सब्बलीनं काढली आणि तीस वर्षं नाकारली, मी. खाली सही केली आहे. हेच सगळं फोटोंसह त्या संस्थेला पाठवलं. ते प्राध्यापक आता नाहीत. त्यांची वही कुठेतरी असेल. उत्तर आलेलं नाही. येवो न येवो, मी इथेही छापायला देतो आहे, म्हणजे ती गोष्ट पसरल्यावर गावात ज्यांनी तुला सब्बलवाला म्हटलं त्यांनाही वाचता येईल.

आपलं एक भांडण मात्र आता कधीच मिटणार नाही. तो डावखुरा होता की नव्हता. अंगठ्याची बसकट नदीत गेलेल्या बाजूला होती. माझ्याकडे फक्त बोटांचा उतार आहे, आणि अर्ध्या दगडावरून हे ठरत नाही, असं मी वर्गात कुणालाही सांगितलं असतं.

तरी रोज सकाळी चहा ठेवला की मी तो उचलतो. आधी उजव्या हातात धरतो. मग डाव्या.